मदत हवी आहे: फर्स्ट कॉपी घड्याळात काचेखाली धुकं, पाणी नेमकं कुठून शिरतंय?

सांजवारा

माझ्याकडे एका नावाजलेल्या डायव्हर घड्याळाची फर्स्ट कॉपी आहे. मामांनी दिलेली, नक्कल आहे हे त्यांनी सांगूनच दिली. आत ऑटोमॅटिक मशीन, चावी (बाजूचं फिरवायचं बटण) स्क्रूची, मागचं झाकणही आट्यांचं. डायलवर ३०० मीटर असं छापलंय. वेळ चोख ठेवतं, रोज हातात असतं आणि त्यावर माझा जीव आहे. त्यामुळे ‘टाकून द्या आणि दुसरं घ्या’ एवढं सोडून काहीही सांगा.

तरणतलावात पोहून आल्यावर वरून सगळं ठीक दिसत होतं. पाण्यात उतरण्याआधी चावी पूर्ण आवळलेली होती, ते मी हमखास तपासतो. नंतर एसीत बसलो तेव्हा काचेच्या आतल्या बाजूला, चारच्या आकड्याजवळ, नखाएवढं धुकं उठलं. मनगटावर गरम झालं की विरतं, गार झालं की पुन्हा तिथेच. भिंगातून पाहिलं तर तारखेच्या खिडकीच्या कडेला, चावीच्या बाजूला, अगदी बारीक तपकिरी ठिपका दिसतो. तो आधी नव्हता.

मूळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नक्कल घेत नाहीत, त्यामुळे तो रस्ता बंद. एका घड्याळजींना विचारलं तर म्हणाले, मागच्या झाकणाला ग्रीस लावून देतो, काम झालं. तेवढ्याने खरंच भागेल का? पाणी चावीतून येतंय, काचेतून की मागून, हे कसं ओळखायचं? आणि दुरुस्तीनंतर हे पुन्हा पाण्यात न्यायचं की नाही?

मेनस्प्रिंग

बाकी चर्चा नंतर, आधी घड्याळ आजच उघडून घ्या. तोवर बाहेरून कोरडं पुसा, चावीचे आटे सोडून ती बाहेर ओढून ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. तांदळात पुरू नका, बंद केसमधली (घड्याळाच्या धातूच्या डबीतली) ओल तांदूळ ओढणार कशी? हेअर ड्रायरही नको. त्याने पाण्याची वाफ होते, आतल्या आत फिरते आणि गार झाल्यावर हेअरस्प्रिंगवर (मशीनमधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) आणि चाकांच्या दांड्यांवर जाऊन बसते. आज काचेवर आहे तेच बरं म्हणायचं.

तरणतलावाचं पाणी आहे म्हणून थोडी उसंत आहे. समुद्राचं असतं तर नुसतं वाळवून उपयोग नव्हता. मीठ मागे राहतं, हवेतली ओल धरतं आणि गंज चालूच राहतो. पण तुम्ही म्हणता तो तपकिरी ठिपका मला आवडलेला नाही. गंज सुरू झालाय.

निळाकाटा

धुकं चारच्या आकड्याजवळ उठतं म्हणून पाणी तिथून शिरलं असं नाही. आतली दमट हवा सगळीकडे सारखीच असते, ती काचेचा जो भाग सगळ्यात आधी गार होतो तिथे थिजते. गळती शोधायला धुक्यापेक्षा ठिपका कामाचा. चावीच्या रेषेत गंज दिसतोय म्हणजे पहिला संशय चावी आणि तिच्या ट्यूबवर, म्हणजे केसमध्ये बसवलेल्या ज्या नळीवर चावी आवळली जाते तिच्यावर.

स्क्रूच्या चावीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाणी आटे अडवत नाहीत. आटे फक्त चावीला ट्यूबवर दाबून धरतात, पाणी अडवते ती दाबली गेलेली रबरी रिंग. रोलेक्सची ट्रिपलॉक चावी १९७० ची. तिच्यावर मुकुटाच्या चिन्हाखाली तीन ठिपके असतात, आणि तिच्यातल्या रिंगा काही चावीत तर काही ट्यूबमध्ये बसवलेल्या असतात. नकलांमध्ये तीन ठिपके हुबेहूब उमटवलेले असतात. आतल्या रिंगा मात्र कधी एकच, कधी कोरडी, कधी मापाने बारीक. त्यातही ट्यूब केसमध्ये आट्यांनी बसवण्याऐवजी नुसती ठोकलेली किंवा चिकटवलेली असेल तर चावी कितीही आवळा, पाणी ट्यूबच्या बाहेरच्या अंगाने आत येतं. बऱ्याच नकलांचं घोडं इथेच अडतं.

केसच्या डाव्या बाजूला हीलियम व्हॉल्व्ह (खोल पाण्यात काम करणाऱ्यांच्या घड्याळात शिरलेला हीलियम वायू बाहेर सोडणारी झडप) असेल तर तोही बघून घ्या. काही नकलांमध्ये तो नुसता दिखाऊ असतो, त्याने काही बिघडत नाही. पण आरपार भोक पाडून बसवलेला असेल तर ती पाण्याला मिळालेली आणखी एक वाट.

जुनीघड्याळं

३०० मीटरबद्दल थोडं सांगतो, कारण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण १ बारने (बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा) वाढतो. डायव्हर घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. त्यात किमान १०० मीटर लागतात आणि प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ २२८१०, त्यात नमुने तपासले तरी चालतं. नक्कल यातल्या कशातूनच गेलेली नसते. डायलवरचा आकडा हा डायलच्या नक्षीचा भाग म्हणून उतरवलेला असतो, बस.

याचा अर्थ प्रत्येक नक्कल गळतेच असं नाही. केस जाड असते, आटे बरे कापलेले असतात, रिंगा बदलल्या की काही घड्याळं तपासणीत चांगली टिकतात. फक्त ते प्रत्येक नगाचं वेगळं तपासावं लागतं. एकाच बनावटीच्या दोन नगांतला एक कोरडा राहील, दुसऱ्यात पाणी भरेल.

पोहताना हात मारल्याने दाब प्रचंड वाढतो असंही सर्रास सांगतात. गणित करून बघा. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरवला तरी वाढीव दाब साधारण ०.१२५ बार, म्हणजे सव्वा मीटर पाण्याएवढा. तेवढ्याने धड रिंग असलेलं घड्याळ गळत नाही. खरा घात तापमान करतं. उन्हात तापलेलं घड्याळ घालून गार पाण्यात उतरलात की आतली हवा आकसते, आणि कुठे फट असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. गरम पाण्याची अंघोळ आणि वाफ म्हणूनच वाईट.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह माझ्या घड्याळात नाहीच. उन्हातून थेट पाण्यात हे मात्र बरोबर ओळखलंत, तलाव उघड्यावरचा आहे. तपासणी कुठली करून घ्यायची? घड्याळजी ड्राय आणि वेट असं काहीतरी म्हणत होते.

मेनस्प्रिंग

ड्राय टेस्टमध्ये बंद डब्यात हवेचा दाब देतात आणि केस किती दबते ते यंत्र मोजतं. दाबली गेलेली केस हळूहळू पूर्ववत व्हायला लागली तर हवा आत शिरतेय, म्हणजे गळती आहे. पाण्याचा संबंध नसल्याने धोका नाही, पण गळती कुठे आहे ते कळत नाही. वेट टेस्टमध्ये घड्याळ आधी पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब देतात, मग पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडतात. आत शिरलेली हवा जिथून बुडबुड्यांनी बाहेर पडते तीच फट. बुडबुडे दिसताक्षणी घड्याळ पाण्याबाहेर काढावं लागतं, नाहीतर दाब उतरल्यावर पाणी आत जातं.

तुमच्यासाठी माझा आग्रह असा: मशीन बाहेर काढून रिकामी केस वेट टेस्टला लावा. चावी आवळून, झाकण बंद करून. पाणी गेलं तरी नुकसान शून्य, आणि फट डोळ्यांना दिसते. मशीन त्याच वेळी धुऊन तेल करून घ्या, ओलीने तेल खराब होतं. ग्रीस लावून देतो म्हणणाऱ्यांना आधी हे करायला सांगा. सिलिकॉन ग्रीस रिंग मऊ ठेवतं, फट बुजवत नाही.

सांजवारा

करून आलो, दुसऱ्या घड्याळजींकडे. त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. मागच्या झाकणाची रिंग काळी, चपटी झालेली, पण तिथून एकही बुडबुडा नाही. काचही कोरडी. दाब सोडायला लागल्यावर चावीच्या बुंध्याशी, ट्यूब केसमध्ये शिरते तिथून, बारीक बुडबुड्यांची ओळच लागली. ट्यूब नुसती ठोकलेली आहे, चिमट्याने धरली तर किंचित हलते. चावीची दांडी मध्यावर गंजली होती, ती बदलली. मशीन धुतलं, बाकी सगळं वाचलंय. आता ट्यूब चिकटवून घ्यायची की बदलायची?

निळाकाटा

बदला, आणि चावीसकट बदला. ट्यूबच्या बाहेरचे आटे आणि चावीच्या आतले आटे एकमेकांना जुळलेले असतात; नवी ट्यूब आणि जुनी झिजलेली चावी एकत्र केली तर दोन्ही लवकर खराब होतील. केसच्या भोकाचं माप घेऊन, जमल्यास त्यात आटे पाडून स्क्रूची ट्यूब बसवायला सांगा. भोक फार मोठं झालं असेल तर इपॉक्सी लावून घट्ट बसवणं हा दुसरा पर्याय. फक्त ते ट्यूबच्या बाहेरच्या अंगालाच लागलं पाहिजे, आतल्या रिंगेला नाही. मागची रिंग आत्ता गळत नसली तरी चपटी झाली म्हणता, तीही बदलून टाका; व्यास आणि जाडी मोजून साधी रबरी रिंग मिळते.

हात धुणं, पाऊस, यांची मग काळजी नको. पोहायचं असेल तर दरवर्षी मोसम सुरू होण्याआधी ड्राय टेस्ट करून घ्या आणि तापलेलं घड्याळ पाण्यात नेऊ नका. आणि हो, नवी ट्यूब बसली की पुन्हा आधी रिकामी केसच तपासायला सांगा, मशीन त्यानंतर.