अंडर-१७ एशियन कप: आपल्या मराठवाड्यातलं लेकरू तिथवर जायचं तर रस्ता कोणता?

कंधारकर_काका
राम राम मंडळी. अहमदाबादला आपल्या अंडर-१७ पोरांनी इराणला 2-1 हरवलं ती मॅच बघितली का कोणी? आधी एक गोल खाल्ला, त्याच्या आधीच्या मॅचला लेबनॉनकडून हरलेले, मला वाटलं गेलं आता, आन पोरांनी फिरवली की मॅच! त्या विजयानं पोरं 2026 च्या सौदीतल्या एशियन कपला पात्र ठरली. तर विषय असा की माझा पुतण्या तेरा वर्षाचा हाय, जिल्हा परिषदेच्या ग्राउंडवर दिवसभर फुटबॉल, डावा पाय लै भारी चालतो त्याचा. टीममधी मणिपूरची पोरं दिसतात, गोव्याची दिसतात, आपल्याकडचं कामून कोणी नाही? आन त्याला पुढं न्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

गोलपोस्ट_नांदेड
काका, आधी हे समजून घ्या की ही स्पर्धा आता दरवर्षी हाय, पहिल्यासारखी दोन वर्षांनी नाही. 16 टीम, चार ग्रुप, ग्रुपमधल्या पहिल्या दोन क्वार्टर फायनलला जातात आन त्या आठ टीमला कतारच्या अंडर-१७ वर्ल्ड कपचं तिकीट, कारण वर्ल्ड कपच आता 48 टीमचा केलाय. 2018 ला मलेशियात आपण क्वार्टरपर्यंत गेलो होतो, इराणला हरवलेल्या टीमचे कोच बिबियानो फर्नांडिसच तवाही कोच होते, कोरियाकडून 0-1 हरलो आन वर्ल्ड कप हुकला. आजचा नियम तवा असता तर क्वार्टर गाठली तिथंच काम झालं असतं!! पण लै उड्या मारू नका, 2023 ला थायलंडमधी जपाननं आपल्याला 8 गोल घातलेत. आपण 4 मारले ही गोष्ट वेगळी.

मणिपूरचं म्हणाल तर 2017 च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला आपल्या 21 पोरांत 8 तिथलीच होती. महाराष्ट्रातनं कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात तालमी-तालमींच्या टीम हायत, मॅचला अख्खी पेठ येते. आपल्याकडं ग्राउंड रिकामं दिसलं की आधी क्रिकेटचा स्टंप.

पीटी_सर_लातूर
वरच्या दादांनी स्पर्धेचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण आपल्याकडची पोरं तिथंच अडकतात. काका, पुतण्याची जन्मतारीख 1 जून तर नाही ना? हसू नका, आपल्याकडं गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या गावाला 1 जून लिहिलेली हाय. वयोगटाच्या फुटबॉलमधी जन्माचा दाखला लागतो आन तो लै वर्षांनी काढलेला असला की शंका घेतात. दाखला, आधार, शाळेचं रजिस्टर तिन्हीत एकच तारीख पाहिजे, आत्ताच बघून घ्या. वरच्या लेव्हलला तर मनगटाचा एमआरआय करतात, फिफानं 2009 पासून वर्ल्ड कपला सुरू केला, हाड पूर्ण जुळलेलं दिसलं की पोरगं सतराच्या पुढचं धरतात. तवा वय कमी दाखवा म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातनंच परत पाठवा.

खेळायचा रस्ता म्हणजे सुब्रतो कप, देशभरातल्या शाळांची फुटबॉल स्पर्धा. शाळेची टीम पाहिजे, आधी जिल्हा, मग तुम्हाला लातूर विभाग, मग राज्य, तिथं जिंकली ती टीम नॅशनलला. पंधराखालचा गट असतो, पुतण्या बसतो त्यात. एन्ट्री जिल्हा क्रीडा कार्यालयातनं होते, पण शाळेनं भरायला पाहिजे, मागं लागा हेडमास्तरांच्या.

धाराशिवची_विंगर
पोरींचं कोणी काढलंच नाही 🙄 2025 च्या ऑक्टोबरमधी बिश्केकला उझबेकिस्तानला 2-1 हरवून आपल्या अंडर-१७ पोरी पण चीनमधल्या एशियन कपला पात्र ठरल्या. सुब्रतोत पोरींचा पण 17 खालचा गट असतो सर, तेवढं सांगत जा.

कंधारकर_काका
ताई बरोबर हाय तुमचं, पुतणी पण खेळते, तिचं पण बघतो. सर, घरी विचारलं. पुतण्याची तारीख 1 जूनच निघाली 😅 दाखला काढलेलाच नाही. ग्रामपंचायतीत जुन्या रजिस्टरला नोंद सापडंल का, का तहसीलला जावं लागंल?

पीटी_सर_लातूर
बाळंतपण दवाखान्यात झालं असंल तर ज्या गावात झालं तिथं नोंद असती, तुमच्या गावात नाही. आधी ते विचारा वहिनींना.