अनुभव सांगा : तुमच्या गल्लीतून कुणाकुणाच्या गाड्या जातात?

येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीची बैठक आहे, गणपती मंडळाच्या शेडमध्ये. विषय एकच : गल्लीतून आरपार जाणाऱ्या गाड्या. त्याआधी कोल्हापुरातल्या बाकीच्या गल्ल्यांनी काय केलं, काय जमलं, काय फसलं ते ऐकायचं आहे. सल्ला नको, अनुभव सांगा. सल्ले द्यायला आमच्या गल्लीत माणसं भरपूर आहेत.

आमची गल्ली राजारामपुरीत. नंबर सांगत नाही, नाहीतर उद्या आणखी चार जणांना रस्ता कळायचा. राजारामपुरी आखून वसवलेली, म्हणून गल्ल्या पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ. त्याचं आम्हाला कोण कौतुक! पण सरळ गल्ली म्हणजे या तोंडातून शिरा आणि त्या तोंडातून बाहेर पडा. मेन रोड तुंबला की मिनिटाभरात आमच्याकडे पहिला हॉर्न वाजतो. पावसात रेल्वेच्या परीख पुलाखाली पाणी साचलं तर विचारूच नका. स्टँडकडे जाणारा प्रत्येक जण वाट शोधत हिंडत असतो आणि त्याला सापडते ती आमच्या दारातली.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई दारापुढे रांगोळी काढून आत वळल्या आणि एका मोटारीनं तिच्यावरून चाक नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मोठी काढली, चांगली ठिपक्यांची. तिच्यावरूनही गेलं. आता रांगोळी पायरीवर चढली आहे. एवढंच झालंय म्हणा, कुणाला लागलेलं नाही. पण पोरांचं क्रिकेट बंद झालं, आणि त्याचा राग मला रांगोळीहून जास्त आहे.

शिवाजी पेठ, वय ६८

ताई, तुमच्याकडं सरळ गल्ल्या, आमच्याकडं बोळ. बोळ पुढं संपतोय हे पेठेतल्या कुत्र्यालाबी ठाऊक, पण मोबाइलमधल्या बाईला ठाऊक नाही. ती म्हणती 'सरळ जा'. पुढं भिंत.

नवरात्रात रोज पाच-सहा गाड्या अशा अडकत्यात. एमएच २४, एमएच १२, कर्नाटकाच्या तर मोजायच्याच नाहीत. मग तालमीची पोरं उठत्यात, 'येऊ दे, येऊ दे, डावी मार' करत गाडी मागं काढून देत्यात. काच खाली करून पावणं विचारतंय, "काका, अंबाबाई?" मी सांगतोय, "चालत पाच मिनिटं, गाडीनं दीड तास." पूर्वी हे नऊ दिवसांचं काम हुतं. आता शनिवार-रविवार आला की नवरात्रच.

एकदा ठरवलं, बोळाच्या तोंडाला साखळी लावायची. सगळे हो म्हणाले. मग कळलं, निम्म्या जणांनी अंगणात पार्किंग सुरू केलंय, गाडीमागं पन्नास रुपये. माझा भाचाच त्यात पुढं. बंदी सगळ्यांना पायजे, पण दसऱ्यानंतर.

रिक्षा, शाळेची मुलं

तुम्ही ज्यांच्यावर बोलालाय, त्यातला एक मीच. वीस वर्षं शाळेची पोरं सोडतोय. सहा पन्नासला पहिलं पोरगं उचलायचं, सात वीसला घंटा. मधी अकरा दारं. प्रत्येक दारात आई म्हणती, "मामा, दोन मिनिटं, डबा भरायचाय." अकरा दारांची बावीस मिनिटं झाली. ती मी कुठनं आणू? तुमच्या गल्लीतनं वसूल करतोय.

सिग्नलला थांबलो तर उशीर, उशीर झाला तर पोरगं गेटबाहेर, आणि संध्याकाळी फोन मला. गल्लीतनं गाड्या बंद करा म्हणून सही करणारी वहिनी उशीर झाला की मलाच म्हणती, "मामा, आज जरा आतल्या रस्त्यानं घ्या की."

हॉर्न मात्र वाजवत नाही. त्याची शप्पथ घेतो.

गंगावेस

आमच्याकडे म्हशी आहेत. कट्ट्यावर धारा काढून झाल्या आणि त्या रांगेनं घराकडे निघाल्या, की कसलीही मोठी गाडी असू दे, चालत जाते. हॉर्न वाजवला तर म्हैस थांबून मागं बघते. अर्ज नाही, परवानगी नाही. खर्च शेण उचलायचा.

आर. के. नगरकडून

आमच्या कॉलनीची गोष्ट टोलपासून सुरू होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये शहराच्या नाक्यांवर टोल घ्यायला लागले, त्यातला एक नाका आमच्याजवळ. नाका चुकवायला लोक कॉलनीतून आत शिरायला लागले. आधी ओळखीचे, मग ओळखीच्यांचे पावणे, मग टेंपो. रस्ता कॉलनीचा, खडीवर डांबराचा एक हात मारलेला. महिन्याभरात नुसती खडी राहिली.

गंमत अशी की तक्रार करायची कुणी? आम्ही सगळे टोलच्या विरोधात. टोलविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील सरांच्या मोर्चाला घराला कुलूप लावून गेलेली माणसं आम्ही. टोल चुकवणारा म्हणजे आपलाच गडी. माझे वडील गेटवर उभे राहून अनोळखी गाड्यांना हातानं वाट दाखवायचे, "हिकडनं घ्या, पुढनं उजवीकडं." आई म्हणायची, स्वयंसेवक झालाय, बिल्ला तेवढा राहिलाय.

डिसेंबर २०१५ मध्ये टोल गेला. फटाके वाजवले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाड्या त्याच वेळेला कॉलनीतून. टोल गेला, पण दोन वर्षांत पायाखालची झालेली वाट कोण सोडतंय? त्यांच्यातले बरेच अजून येतात. वडील आता गेटवर उभे राहत नाहीत. खिडकीतून बघतात आणि नंबर पाठ म्हणून दाखवतात.

कावळा नाका

रात्री अकराला ट्रॅव्हल्सच्या बस. चालू इंजिन, पार्सल चढवणारे हमाल, पुण्याच्या पॅसेंजरचा 'दोन मिनिटात आलो' म्हणून फोन. एवढंच. झोप येत नाही म्हणून लिहिलं.

बांधकाम खात्यातून निवृत्त

स्पीडब्रेकरची मागणी करणार असाल तर आधी माझं ऐका, कारण हे पाप मी स्वतःच्या दारात केलं आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी गल्लीतल्या पोरांनी रात्रीत काँक्रीटचा एक उंचवटा घातला. मी तिथं उभा होतो. नोकरीत असतो तर थांबवलं असतं, पण तेव्हा मी फक्त आजोबा होतो. दीड फूट रुंद, सहा इंच उंच. त्याला ब्रेकर म्हणत नाहीत, उंबरा म्हणतात.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं १९८८ साली ब्रेकरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १७ मीटर त्रिज्येचा कंस, ३.७ मीटर रुंदी, मधोमध उंची १० सेंटिमीटर. ताशी पंचवीसनं येणाऱ्याला तो अलगद वर घेऊन खाली सोडतो, त्याहून जोरात येणाऱ्याला आपटतो. म्हणजे शिक्षा वेगाला. आमच्या उंबऱ्यानं सगळ्यांनाच शिक्षा दिली, आणि हळू जाणाऱ्याला जास्त. दुचाकीवाले गटारीच्या कडेनं, म्हणजे लोकांच्या पायरीला घासून जायला लागले. रिकामे टेंपो रात्री त्याच्यावरून गेले की मागचं फाळकं असं वाजायचं, की शेजारच्यांचं बाळ दचकून उठायचं. ब्रेकर हवा म्हणून ज्यांनी सगळ्यात जास्त धोशा लावला होता, त्यांच्याच दारासमोर तो आला होता. तिसऱ्या आठवड्यात पहार घेऊन तेच फोडायला बसले.

त्यातच एका बाईंना रिक्षातून दवाखान्यातून घरी आणत होते. ऑपरेशन झालेलं. त्या उंबऱ्यावर त्या ओरडल्या ते मी व्हरांड्यात बसून ऐकलं. त्यावर आणखी लिहीत नाही.

रस्ता बंद करायचा किंवा एकेरी करायचा अधिकार गल्लीला नाही, मंडळाला नाही, आणि 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत' म्हणणाऱ्यालाही नाही. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे वाहतुकीचे आदेश जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून निघतात. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमात वाहनांना बंदी घालण्याची तरतूद आहे. एक महिन्यापेक्षा जास्त नसलेल्या बंदीला राजपत्रात छापण्याची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी चालते. म्हणून अर्ज करायचा तर 'कायमची बंदी' असं लिहू नका. 'एक महिना, सकाळी अमुक ते अमुक, प्रायोगिक' असं लिहा. फाइल हलायची शक्यता तिथं जास्त. आणि अर्जावर बाजूच्या दोन गल्ल्यांच्या सह्या घ्या. त्याशिवाय गेलात तर पुढच्याच आठवड्यात त्यांचा अर्ज तुमच्याविरुद्ध येतो. टेबलाच्या पलीकडे बसून असे अर्ज मी पुष्कळ पाहिलेत.

फुलेवाडी रिंगरोडजवळ

हंगाम सुरू झाला की आमच्याकडे उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वरपर्यंत भरलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि टेपवर गाणी एवढ्या मोठ्यानं की भांडी थरथरतात. मोठ्या रस्त्यावर पोलीस दिसला की ते आत वळतात. ट्रॉली कोपऱ्यावर वळताना आमच्या कुंपणाचा खांब दोनदा गेला. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाला, "वहिनी, आता मार्चनंतरच बसवू."

पण तक्रारीला गेलं की नवरा गप्प बसतो. त्याच्या गावाकडं तीन एकर ऊस आहे. तो ऊसही कुणाच्या तरी दारावरूनच जात असणार. तोड वेळेवर आली नाही की हाच माणूस रात्री दोनदा उठून फोन लावतो.

पार्सल पोचवणारा

मी कागलचा, इथं खोली घेऊन राहतोय. मला गल्ल्यांची नावं माहीत नाहीत, मोबाइल जिकडं वळवतो तिकडं वळतो. मंगळवार पेठेत एका आज्जीनं काठी आडवी धरून गाडी थांबवली. मला वाटलं आता शिव्या. म्हणाली, "जेवलास काय?" म्हटलं, न्हाई. म्हणाली, "मग कशाला एवढा पळतोयस, जेवाय मिळना तर?" उत्तर सुचलं नाही. त्या गल्लीतनं आता हळू जातो. बाकीच्या गल्ल्यांतनं तेवढ्याच जोरात, खरं सांगायचं तर.

किराणा दुकान, शाहूपुरी

शाहूपुरी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवली. गाड्या यायच्याच, बैलाच्या असोत नाहीतर चार चाकी. आमच्याकडे दोन आठवडे लाकडी घोडे लावून एक तोंड बंद केलं होतं. शांतता छान होती. गिऱ्हाईकही शांत होतं. तिसऱ्या सोमवारी सकाळी घोडे जाग्यावर नव्हते. कुणी काढले ते मला माहीत नाही. मी काढले नाहीत, एवढंच सांगतो.

राजारामपुरी, शेजारची गल्ली

धागा वाचतेय आणि हसतेय. कोणती गल्ली ते पहिल्या चार ओळींतच ओळखलं. बाई, तुमची गल्ली बंद झाली तर गाड्या हवेत जाणार नाहीत, आमच्याकडे येतील. टाकाळ्याकडे क्लासला मुलीला सोडायला सव्वापाचला जी पांढरी स्कूटर आमच्या गल्लीतून जाते, ती कुणाची ते लिहू का? आमची पोरंही तेव्हाच क्रिकेट खेळत असतात.

धागा सुरू करणारी

स्कूटर माझीच. मेन रोडनं गेलं तर सिग्नलला सात मिनिटं जातात. लिहिताना लाज वाटतेय, पण रिक्षावाल्या मामांनी सांगितलंच आहे सगळं.

मंगळवार पेठ

आमच्या वेळी नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता यायचं. २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच होता. तेव्हा ओरडायचं कुणाच्या दारात? मुलगा म्हणाला, अॅपवर तक्रार टाका. टाकली. 'निराकरण झाले' असा मेसेज आला तेव्हा मी दारातच उभा होतो आणि समोरून सिमेंटचा मिक्सर चालला होता.

धागा सुरू करणारी

बैठक झाली. तीस घरांतून एकवीस माणसं, म्हणजे आमच्या मानानं विक्रम.

लोखंडी खांबाचा विषय पहिल्या दहा मिनिटांत बारगळला. कोपऱ्यावरच्या काकांना डायलिसिसला नेतात, ते फक्त एवढंच म्हणाले, "खांबाची किल्ली रात्री कुणाकडं असणार?" कुणी बोललं नाही. ब्रेकर हवा असं चौदा जणांचं मत पडलं. मग निवृत्त साहेबांचा अनुभव वाचून दाखवला आणि 'कुणाच्या दारासमोर?' असं विचारलं. चौदाचे तीन झाले. उरलेल्या तिघांची घरं आतल्या बाजूला आहेत.

शेवटी ठरलं ते असं : संध्याकाळी पाच ते सात, एक महिना, मोठ्या गाड्यांना प्रायोगिक बंदी, असा अर्ज. सासूबाईंनी पहिली सही केली आणि रांगोळीबद्दल एक ओळ घाला म्हणून हट्ट धरला. घातली आहे. मुलीला मी या आठवड्यात दोनदा चालत सोडलं, तिसऱ्या दिवशी पाऊस होता.

शेजारच्या गल्लीलाही निरोप दिला होता. कुणी आलं नाही.

राजारामपुरी, शेजारची गल्ली

आलो नाही, कारण आमची बैठक त्याच वेळेला होती. विषय तोच. अर्ज घेऊन या, आमच्याकडच्या सह्या मी मिळवून देते, पण त्यात आमच्याही गल्लीचं नाव घालायचं. सकाळी सातच्या आत या.

आणि चालत या.