कूपर बेटावरचे गिलेमॉट

‘माणूसच नाही तिथे पक्ष्यांना कसली भीती?’ असं एकाने विचारलं, म्हणून लिहितो. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगतचं कूपर बेट म्हणजे वाळू-गोट्यांची सपाट पट्टी. वस्ती नाही, घरट्यांसाठी कडेकपारीही नाहीत. १९७२ साली पक्षीअभ्यासक जॉर्ज दिवोकी तिथे पोचले, तेव्हा लाल पायांचे ब्लॅक गिलेमॉट हे समुद्रपक्षी चक्क अमेरिकी आरमाराने टाकून दिलेल्या लाकडी खोक्यांखाली घरटी करत होते! दिवोकींनी आणखी आडोसे करून दिले आणि १९७५ पासून पन्नास वर्षं दर उन्हाळ्यात नोंदी ठेवल्या. एकाच वसाहतीसाठी एवढी चिकाटी, खरंच हात जोडावेसे वाटतात.

धोका आहे तो समुद्रातलं बर्फ हटण्याचा. बर्फ लांब गेलं की त्याच्या आसऱ्याने राहणारा आर्क्टिक कॉड मासाही मिळेनासा होतो. मग आईबाप काटेरी, मोठ्या डोक्याचे स्कल्पिन मासे आणतात. ते पिल्लांच्या घशाखाली सहज उतरत नाहीत. शिवाय बर्फाअभावी बेटावर अडकलेली ध्रुवीय अस्वलं पिल्लं फस्त करू लागली, म्हणून २०११ मध्ये मजबूत प्लास्टिकच्या पेट्या आणाव्या लागल्या.

अशा नोंदींचं मोल बघता, पुण्यात पाषाण तलावावर, कवडीला पक्षी बघायला जाणाऱ्यांना एकच विनंती: नुसते फोटो टाकू नका, तारीख आणि पक्ष्यांची संख्याही दर वेळी लिहा.