मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत ईयोब वाचायचा आहे, कसा वाचावा?

किनारा_वसई

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या शाकारलेल्या असतात, माणसं घरी असतात. आमच्या लहान ख्रिस्ती समूहात यंदा त्या काळात बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, म्हणजे निर्दोष माणसावर कोसळलेल्या दुःखाची कथा, वाचायचं ठरलंय. चौदा-पंधरा जण, आठवड्यातून एकदा, रोझरीनंतर सव्वा तास. गटात समुद्रात माणूस गमावलेली तीन घरं आहेत, त्यामुळे पुस्तक निवडताना धाकधूक आहेच.

४२ अध्याय आठ बैठकांत बसवायचे कसे? कोणी "देवाची इच्छा" किंवा "काहीतरी पाप घडलं असेल" म्हणालं तर गट चालवणाऱ्याने काय करायचं? आणि शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात, तो भाग मूल गमावलेल्या आईसमोर वाचायचा तरी कसा?

शब्दसेवक

सगळे अध्याय सारख्या वजनाने वाचायला गेलात तर चौथ्या आठवड्यात निम्मा गट गळेल. पुस्तकाची बांधणी आधी नीट पाहा. १ आणि २ हे अध्याय गद्य कथा, ४२:७ (४२ वा अध्याय, ७ वी ओवी) पासून शेवट पुन्हा गद्य, मधलं जवळजवळ सगळं काव्य. त्या काव्यात अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आळीपाळीने बोलतात आणि ईयोब प्रत्येकाला उत्तर देतो, अशा तीन फेऱ्या आहेत.

पहिल्या बैठकीत अध्याय १ आणि २, दुसऱ्या बैठकीत फक्त ३. तिसरीत ४ ते ७. चौथीत ८, ९, १३ आणि १४. पाचवीत १६, १९ आणि २१. सहावीत २२, नंतर २५, मग २९ ते ३१. सातवीत ३८ आणि ३९, आठवीत ४० ते ४२. मित्रांनंतर बोलणाऱ्या अलीहू या तरुणाचे सहा अध्याय (३२ ते ३७) एकाने घरी वाचून यावेत आणि सातवीच्या सुरुवातीला पाच मिनिटांत सांगावेत. २८ वा अध्याय ज्ञानावरचं स्वतंत्र काव्य आहे, तो घरी वाचायला द्या. २५ मात्र गाळू नका. त्यात बिल्ददाचं शेवटचं भाषण आहे आणि अध्याय अवघा सहा ओव्यांचा. तिसऱ्या फेरीत सोफर तर बोलतच नाही. मित्रांकडचे शब्द संपत चालले आहेत, हे ऐकणाऱ्यांच्या आपसूक लक्षात येतं.

पहिल्या बैठकीत हमखास होणारी चूक म्हणजे सगळा वेळ सैतानावर जाणं. मूळ हिब्रूत तिथे विशेषनाम नाही, 'आरोप करणारा' असं पद आहे, जणू दरबारातला फिर्यादी. एवढं सांगा आणि पुढे चला. ती बैठक २:१३ वर थांबवा. मित्र सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. तिथे गटानेही घड्याळ लावून तीन मिनिटं गप्प बसावं. मित्रांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. बिघडतं ते समजावायला लागल्यावर.

तिसऱ्या अध्यायात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्यानंतर बायबलमधलंच स्तोत्र ८८ वाचा. ते अंधार या शब्दावर संपतं, शेवटी दिलाशाची ओळ येत नाही. ती ओळ गट चालवणाऱ्याने आपल्या पदरची जोडू नये. या बैठकीत कोणी "मलाही जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर ते काव्यावरचं मत समजू नका. बैठक संपल्यावर त्या माणसाजवळ थांबा, त्याला एकट्याने घरी सोडू नका, घरच्यांशी आणि फादरांशी बोला. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतून बोलता येतं.

आता समुद्र. कोळीवाड्यातल्या गटाला हे पुस्तक शहरातल्या गटापेक्षा जवळचं वाटेल, असं मला ठाम वाटतं. ७:१२ मध्ये ईयोब विचारतो, मी काय समुद्र आहे की समुद्रातला अजगर, म्हणून तू माझ्यावर पहारा बसवतोस? त्याचं उत्तर देवाच्या भाषणात, ३८:८-११ मध्ये येतं. तिथे समुद्र गर्भातून उसळून बाहेर येतो, ढग हे त्याचं वस्त्र आणि दाट अंधार हे त्याचं बाळुतं होतं. देव त्याला दारं-अडसर लावून सांगतो, इथवरच ये. शत्रूसारख्या समुद्राला तान्ह्या मुलासारखं गुंडाळणारा देव! या चार ओव्यांना अर्धी बैठक द्या. समुद्राला हद्द आहे, तर आमचा माणूस त्या हद्दीत कसा गेला, असा प्रश्न येईलच. तो येऊ द्या. देवाच्या भाषणात ईयोबाच्या दुःखाचं कारण कुठेही सांगितलेलं नाही, आणि गटानेही ते शोधून काढायची गरज नाही.

लिव्याथान या समुद्रातल्या महाकाय प्राण्याच्या भागात गळ, दोरी, भाले आहेत, आणि व्यापारी त्याचा सौदा करून वाटे घालतील का, असाही प्रश्न आहे. बंदरावरच्या लिलावात उभ्या राहणाऱ्या बायकांना तो समजावून सांगावा लागत नाही, म्हणून तो त्यांनाच वाचायला द्या. फक्त एक अडचण ध्यानात ठेवा. काही आवृत्त्यांत हा भाग ४१:१ पासून सुरू होतो, तर हिब्रू क्रमांक पाळणाऱ्या आवृत्त्यांत ४०:२५ पासून. गटात दोन प्रकारची बायबल असली तर "सापडत नाही" यातच पाच मिनिटं जातात. त्या बैठकीपुरत्या एकाच भाषांतराच्या झेरॉक्स काढा. पावसात वीज जातेच, म्हणून अक्षर मोठं ठेवा. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की वाचणाऱ्याचा आवाज पोचत नाही, तेव्हा रांगेत न बसता गोल बसा.

दहा मुलांचं. आकडे फळ्यावर लिहा. मेंढरं ७,००० होती ती १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,०००, बैलांच्या जोड्या ५०० च्या १,०००, गाढवी ५०० च्या १,०००. सगळं दुप्पट. मुलं मात्र आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या, नंतरही तेवढीच. गेलेली दहा हिशोबातून पुसली गेली नाहीत, म्हणून दुप्पट करावी लागली नाहीत, असा अर्थ पूर्वीपासून लावला जातो. मला तो पटतो, पण आईसमोर तो उत्तर म्हणून ठेवू नका. आकडे दाखवा आणि तिला बोलू द्या. ४२:११ सुद्धा वाचा. सगळं परत मिळाल्यावरही नातेवाईक येऊन ईयोबाबरोबर जेवतात आणि झालेल्या दुःखाबद्दल त्याचं सांत्वन करतात. म्हणजे नवं मिळाल्याने जुनं दुःख संपलं, असं पुस्तकही म्हणत नाही.

उपासक_दापोली

वरची विभागणी आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही चालेल. "देवाची इच्छा" याबद्दल थोडं लिहितो.

ते वाक्य बोलणारा सहसा वाईट हेतूने बोलत नाही. त्याला शांतता सहन होत नाही. म्हणून त्याला सगळ्यांसमोर गप्प करू नका, त्याच्याकडून वाचून घ्या. २२:५-९ मध्ये अलीफज ईयोबावर चक्क खोटे आरोप करतो, विधवांना रिकाम्या हाती पाठवलंस वगैरे. पहिल्या अध्यायात देवानेच ईयोबाला निर्दोष म्हटलेलं गटाला माहीत असतं. शिक्षा दिसते, तेव्हा पाप असलंच पाहिजे, या हट्टापायी माणूस पापं रचायला लागतो. मग ४२:७ वाचा. तिथे देवाचा राग मित्रांवर आहे, ईयोबासारखं यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत म्हणून. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. हे ऐकून गटात शांतता पसरली तर घाई करू नका.

जोडीला शुभवर्तमानातलं लूक १३:४, शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले तो प्रसंग. ते इतरांहून जास्त पापी होते का, याला येशूचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. योहान ९:३ (जन्मांध माणसाचा प्रसंग) सुद्धा घ्या, मात्र तिथून "देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून" एवढाच तुकडा उचलून कोणाच्या घरच्या मृत्यूला चिकटवू नका.

येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट (मार्क ४:३५-४१) या गटात जपून. जिथली होडी परत आली नाही, त्या घराला ती "तुमच्यासाठी नाही केलं" अशी ऐकू येते. घ्यायचीच असेल तर ३८ व्या ओवीवर थांबा, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का, हे शिष्यांचं वाक्य. तीही प्रार्थनाच आहे.

४२:६ वर, म्हणजे ईयोबाच्या देवाला दिलेल्या शेवटच्या उत्तरावर, वाद होईल. मराठीत 'पश्चात्ताप' आहे, त्यामुळे शेवटी ईयोबाने पाप कबूल केलं असं वाटतं. तिथल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ मन बदलणं, सांत्वन पावणं असाही होतो. लगेच पुढच्या ओवीत देव त्याच्याच बाजूने बोलतो, तेव्हा पापाची कबुली हा अर्थ ओढूनताणून लागतो.

किनारा_वसई

दोघांचे आभार. एक सांगायचं राहिलं. तीनपैकी एका घरी मृतदेह मिळालेलाच नाही. बायको अजून 'होता' म्हणत नाही, 'आहे' म्हणते. गटात प्रार्थना करताना काय म्हणायचं? आणि मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी)?

धर्मग्राम_सेवक

ती जे म्हणते तेच म्हणा. नाव घेऊन "आमचा भाऊ तुझ्या हाती आहे" एवढी प्रार्थना तो जिवंत असो वा नसो, दोन्हीकडे खरी आहे. 'आत्म्याला शांती' हे शब्द तिच्या आधी कोणी उच्चारू नयेत.

मृतदेहाशिवाय अंत्यविधीची मिस्सा होऊ शकते. कधी करायची ते घरच्यांनी फादरांशी बोलून ठरवावं, गटाने तारीख सुचवू नये. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन जातात, तेव्हा या घराला जायला जागाच नसते. किनाऱ्याजवळ क्रूस असेल तर त्या दिवशी गटाने त्यांच्यासोबत तिथे जावं.

कागदपत्रांचंही बघा, कारण पुढे तेच जाचतं. पोलिसांकडची बेपत्ता असल्याची नोंद आणि तिची प्रत जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे (पूर्वीचं कलम १०८) सात वर्षं काहीच खबर नसेल तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. ख्रिस्तसभेचा नियम वेगळा आहे. विधवेला पुन्हा लग्न करायचं असेल आणि मृत्यूचा दाखला नसेल, तर कॅनन १७०७ (ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम) प्रमाणे बिशपांनी मृत्यू गृहीत धरल्याची घोषणा करावी लागते. त्यासाठी नुसती वर्षं उलटणं पुरत नाही, साक्षीपुरावा लागतो. म्हणून होडीवरचे वाचलेले खलाशी, जवळच्या होडीचा तांडेल (प्रमुख), यांचे जबाब तारीख-वार घालून लवकर लिहून घ्यावेत. खलाशी हंगामागणिक होडी बदलतात, मग सापडत नाहीत. हे काम बायकोवर टाकू नका. गटातल्या दोघांनी तिची परवानगी घेऊन करावं, आणि कागद तिच्या हाती कधी द्यायचे ते तिलाच ठरवू द्यावं.

२९ जूनला संत पेत्र आणि संत पौल यांचा सण आहे. त्या आठवड्यात बैठक ठेवू नका, माणसं येणार नाहीत.