ऋचाला आर किती लावायचे? (बारसं रविवारी आहे)

आत्याबाई_इंदूर

नमस्कार मंडळी. दादाला मुलगी झाली. रविवारी बारसं, रामबागेतल्या घरीच. नाव ठरलंय ऋचा. नावावर कुणाचंच दुमत नाही, पणजीपासून शेजारच्या जैनकाकूंपर्यंत सगळ्यांना आवडलं. भांडण पेटलंय ते इंग्रजी स्पेलिंगवर.

घरात तीन पक्ष आहेत. मी आणि बाबा म्हणतो आर यू सी एच ए, कारण आम्ही 'रुचा'च म्हणतो. दादा म्हणतो आर आय लावा, कारण शाळा इंदूरची असणार, इथे ऋ म्हणजे रि, मॅडम पहिल्या दिवसापासून 'रिचा' म्हणूनच हाक मारणार, मग उगाच कशाला ओढाताण. आणि वहिनीच्या मामांनी नाव कुणा अंकशास्त्रवाल्यांना दाखवून आणलंय. ते म्हणाले, बेरीज आठ येते, आठ शनीचा, पुढे अजून एक आर लावा. म्हणजे आर आर यू सी एच ए. बाबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हे नाव आहे की टेम्पो स्टार्ट होतोय?" त्याला आज तिसरा दिवस. वहिनी बाबांना चहा देते, बोलत नाही.

त्यात वहिनीच्या आईंनी सराफ्यात चांदीची वाटी करायला टाकलीय, तिच्यावर नाव कोरायचंय. काल चिठ्ठी घेऊन मीच गेले. कारागिराने चिठ्ठी दिव्याखाली धरली, सळईचं टोक पहिल्या अक्षरावर टेकवलं, मग दुसऱ्यावर, आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "दीदी, आर दो बार आ गया है, एक हटा दूँ?" मी म्हटलं थांबा भैया, शनिवारी सांगते.

मला एवढं लागायचं कारण म्हणजे माझं नाव मृणाल. दहावीच्या मार्कशीटवर एम आर आय, कारण फॉर्म भरणारे सर हिंदी भाषक, त्यांनी कानाला आलं तसं लिहिलं. आधारवर एम आर यू, कारण ते मी सांगितलं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. गेल्या वर्षी नोकरी सोडून पीएफ काढायला गेले आणि त्या एका आय-यू पायी चार महिने गेले. जॉइंट डिक्लरेशनवर, म्हणजे पीएफच्या दुरुस्ती अर्जावर, जुन्या मालकाची सही हवी होती, आणि जुना मालक पीथमपूरचं शटर पाडून कधीच निघून गेलेला.

तर नाव जुनं आणि स्पेलिंग भलतंच, असं तुमच्यापैकी कुणी केलंय का? पोराला पुढे काय निस्तरावं लागलं? आणि आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान माझा, पण स्पेलिंगमध्ये तोंड घालायचा आहे का?

बडोद्याचा_ज्ञानेश

ताई, भाचीला घेऊन बडोद्याला या, निम्मा प्रश्न सुटेल. गुजराती माणूस ऋ आपल्यासारखाच रु म्हणतो. इथे ऋषी म्हणजे रुषी, तुमची रुचा इथे रुचाच राहील.

पण माझ्या वाट्याला ज्ञ आलाय. घरी मी द्न्यानेश, म्हणून वडिलांनी डी एन वाय लावलं. शाळेत ज्ञ म्हणजे ग्न, प्रग्ना आणि जिग्नेशच्या पंगतीतला, त्यामुळे मित्रांच्या वह्यांत मी जी एन. नोकरीत साहेब कानपूरचे, ते ग्यानेश म्हणतात. फोनवर कुणी कार्ड वाचून दाखवलं तर "मिस्टर डायनेश". मी मात्र डी एन वाय सोडलं नाही, कारण प्रत्येक कागदावर तेच आहे. लोक उच्चार चुकतात, कागद चुकत नाही. इथल्या राजघराण्याचं गायकवाड जी ए ई, आमच्या गल्लीतल्यांचं जी ए आय. दोघांचं बरं चाललंय.

खातेवही

बँकेत ३४ वर्षं बेरजा केल्या, तेव्हा ही पण करून पाहिली. मामांनी दाखवलं ती खाल्डियन पद्धत. तिच्यात आर २, यू ६, सी ३, एच ५, ए १. बेरीज १७, म्हणजे ८. शनी बरोबर आहे. एक आर वाढवला की १९, म्हणजे १०, म्हणजे १. सूर्य. इथपर्यंत गणित चोख.

आता दुसरी पद्धत आहे, पायथागोरसच्या नावावर चालते. तिच्यात अक्षरं ओळीने १ ते ९ मोजतात. आर ९, यू ३, सी ३, एच ८, ए १. बेरीज २४, म्हणजे ६, शुक्र. शनी कुठेच नाही. आणि गंमत पुढे आहे. आर इथे ९ चा, आणि ९ कितीही वेळा मिळवा, शेवटचा आकडा हलत नाही. ३३ घ्या, परत ६. दहा आर लावलेत तरी ६. म्हणजे एका शास्त्रात त्या आरने शनी पळतो, दुसऱ्यात तो आर हजेरी लावून नुसता बसतो.

आणि दादांचं आर आय? खाल्डियनमध्ये १२, म्हणजे ३. गुरू! हे वहिनींना सांगायचं की नाही ते तुम्ही बघा.

आर्याची_आई

सगळे वेगळ्या स्पेलिंगवर तुटून पडलेत, म्हणून थोडं वहिनीच्या बाजूने. रोमन लिपीत आपले काने हरवतात. राम आणि रमा, दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहिता येतात. माझ्या मुलीचं आर्या, तिच्या वर्गात एक आर्य मुलगा. एकच ए लावला असता तर दोघं हजेरीत जुळी भावंडं झाली असती. मी शेवटी दोन ए लावले. सासूबाई म्हणाल्या, फॅशन. फॅशन नाही हो, तो काना आहे.

मात्र तुमच्या दुसऱ्या आरला असं काही काम नाही, हे मान्य. ऋ मध्ये आर मुळात एकच ऐकू येतो. शेवटी जास्तीचा ए लावला तर निदान उच्चाराला हातभार लागतो, तेवढं वहिनीला सुचवून बघा.

मुरारचा_वकील

स्पेलिंग काहीही ठेवा, फक्त दाखल्यावर जाण्याआधी घरातलं भांडण मिटवा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. शाळा, लायसन्स, पासपोर्ट, आधार, सगळं त्याच एका कागदावरून निघतं. तुमची चूक एका मार्कशीटवर राहिली, या मुलीची चूक सगळीकडे जाईल.

पण घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, ती नावाशिवाय होते. नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या गडबडीत विचारलं तर "नाव नंतर" म्हणायचं. माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं त्या गडबडीतली असतात. एकदा नाव चढलं की दुरुस्ती फक्त चूक झाली असेल तर होते, मन बदललं म्हणून होत नाही. आधारवर नाव बदलायला अख्ख्या आयुष्यात दोन संधी मिळतात, त्यातली एक लग्नात जाते असं धरून चला.

बाकी आम्ही ग्वाल्हेरवाले स्पेलिंगवर काय बोलणार! शिंद्यांचं हिंदीत सिंधिया झालं आणि इंग्रजीत एसच्या मागे एक सी बसला, जो आजवर कुणी उच्चारलेला नाही.

आत्याबाई_इंदूर

बारसं झालं. सांगायला उशीर झाला, पाहुणे परवा गेले.

खातेवही काका, तुमची बेरीज मी प्रिंट काढून फ्रिजवर लावली. मामा आले, पाण्याची बाटली काढताना वाचली, परत वाचली, खिशातून पेन काढून स्वतः करून पाहिली. काही बोलले नाहीत, पण जेवताना दुसऱ्या आरचा विषय कुणी काढला नाही. दादाला गुरूचं कळल्यापासून तो मात्र फार खूश आहे, त्यामुळे आता यू विरुद्ध आय अशी सरळ लढत उरलीय. वहिनी अनपेक्षितपणे आमच्याकडे आली, पण शेवटी दोन ए हवेत या अटीवर. आर्याच्या आई, तुमचं मी तिला वाचून दाखवलं होतं. १८ येतात म्हणे, नऊ, मंगळ. मंगळ चालतो का हे विचारायला ती मामांना फोन करणार आहे. देवा.

वकीलसाहेब, दाखला नावाशिवाय घेतलाय. नावाची जागा कोरी आहे आणि तो फाइलमध्ये ठेवून कपाटाची किल्ली आईने कमरेला लावलीय.

वाटीचं शनिवारीच सुटलं. मी म्हटलं देवनागरीत कोरा. कारागीर ऋ पाशी अडला, मला कागदावर मोठा काढून दाखवायला सांगितला. काढला, तसा लगेच म्हणाला, "अच्छा, ऋषि वाला!" आणि दोन मिनिटांत कोरून दिला. शेपूट जरा लांब झालंय, पण झकास दिसतं. त्यातच रविवारी घुगऱ्या ठेवल्या होत्या.

आणि कानात मी 'रुचा'च सांगितलं. कुर्रर्र करताना आर किती लागले ते मोजले नाहीत. जैनकाकूंना आपली पद्धत नवीन, त्यांनी बुक्के जरा मनापासून मारले, पाठ अजून दुखतेय.