आईच्या कंबरदुखीसाठी स्टडीत नाव द्यावं का?

लालबागची_लेक:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. आई ५४ वर्षांची, चार वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज (मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली) आलं तेव्हापासून वाकणं बंद, उचलणं बंद, पोळ्या लाटताना ओट्याखाली पालथा पाट ठेवून त्यावर एक पाय टेकवते आणि दर दोन पोळ्यांनी पाय बदलते, बघवत नाही हो. एका डॉक्टरांनी "वय झालं, सहन करा" म्हणून वाटेला लावलं त्याचा राग अजून आहे. आता परळच्या एका हॉस्पिटलात जुनाट कंबरदुखीवर स्टडी चालू आहे, एका ग्रुपला व्यायाम आणि समुपदेशन, दुसऱ्याला नेहमीची ट्रीटमेंट. मामा म्हणतो प्रयोगाचा उंदीर करतील. आई म्हणते तू ठरव. काय करू? आणि या संशोधनाचा पेशंटला खरंच फायदा होतो का?

दादर_फिजिओ:
ताई, आधी तो रिपोर्ट कपाटात ठेव. २०१५ मध्ये एक आढावा आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन बघितले, त्यात पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांना डिस्क बल्ज निघालं. केस पिकतात तसंच ते. म्हणून आईचं दुखणं खोटं आहे असं नाही हां, दुखणं शंभर टक्के खरं. पण तीन महिन्यांच्या वर दुखणं टिकलं की कधीकधी नसा आणि मेंदूच जास्त हळवे होतात, साध्या हालचालीलाही धोक्याची घंटा वाजते. २०२१ ला अमेरिकेत १५१ जणांवर ट्रायल झाली, दुखतंय म्हणजे पाठीला इजा होतेय असं नाही हे चार आठवडे शिकवलं, त्या ग्रुपातले ६६ टक्के जवळपास दुखण्यातून सुटले, नेहमीच्या ट्रीटमेंटवाल्यांत १० टक्के. एकच ट्रायल आहे, सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण वाकायला घाबरणं कमी करायचं हे तर आजपासून जमेल. फक्त पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

गिरगावातले_काका:
पोरी, मी गुडघ्यासाठी एका स्टडीत होतो म्हणून सांगतो. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत माग, तिथल्या तिथे सही करू नका, घरी आणून दोनदा वाचा. सीटीआरआय नंबर, म्हणजे देशातल्या अशा स्टडींच्या नोंदवहीतला नंबर विचार, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या साइटवर स्टडीची नोंद दिसते, तिथे सापडली नाही तर सरळ नको म्हण. एथिक्स कमिटी, म्हणजे स्टडीतल्या पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती, तिचा फोन नंबर कागदावर असतो, तो जपून ठेव. मधेच सोडायचा हक्क असतो आणि सोडलं म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. पैसे भरायला लावले तर उठून या.
खरं सांगायचं तर मी नेहमीच्या ट्रीटमेंटवाल्या ग्रुपात गेलो, वाईट वाटलं, गुडघा आहे तसाच आहे. पण रोज किती दुखतंय त्याचा शून्य ते दहा आकडा लिहायला लावला होता, त्यातून कळलं की जिने चढून नाही तर रात्री झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी आकडा चढतो. इतकी वर्षं मी जिन्यालाच शिव्या देत होतो. आता दुपारचा चहा बंद केलाय, झोपेत फरक आहे. आणि आईला विचार, तिला स्वतःला जायचंय का? सही तिची आहे.

लालबागची_लेक:
काका, फिजिओदादा, खूप आभार. संध्याकाळी आईला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. ६० टक्क्यांचं दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली मग मला चार वर्षांत कोणी सांगितलं कसं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी कागद आणायला दोघी जातोय, ती ठरवेल. कालनिर्णयवर आजच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली तिने पेन्सिलीने ६ लिहिलाय.
अजून एक विचारायचं राहिलं, फिजिओदादा, वाकायची सुरुवात कशी करू? खुर्चीत बसून की उभ्याने?