जिल्हा फोडला तर सीमाप्रश्न बुडतो का?

निपाणीकर
बेळगाव जिल्हा फोडून चिक्कोडी वेगळा जिल्हा करायचं नाव निघालं की आपल्यातली जाणती माणसंही एकच वाक्य फेकतात, "जिल्हा फुटला की सीमाप्रश्न संपला." मला हे कधीच पटलेलं नाही.

1956 आठवा. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा जवळजवळ अख्खा उचलून म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला दिला, चंदगड तालुका तेवढा मागे राहिला. जिल्हा हे एकक धरलं म्हणून आपण अडकलो. तेव्हापासून आपण काय मागतोय? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या. 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला महाराष्ट्राचा दावाही गावांवरच उभा आहे. मग निपाणीच्या डोक्यावर कुठला डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी बसतो, याने त्या दाव्याला काय होणार?

जमिनीच्या एका कागदासाठी माझ्या चुलत्यांनी गेल्या पावसाळ्यात बेळगावला तीन खेपा घातल्या. पासष्टी ओलांडलेला माणूस. पिशवीत उतारा, झेरॉक्सचा गठ्ठा आणि भाकरी. चिक्कोडी तासाच्या आत आहे.

खानापूरकडचा
1956 चं बोललास ते खरं. पण कात्री कुणाच्या हातात आहे? राज्याची हद्द बदलायला संसद लागते, जिल्ह्याची बदलायला बेंगळुरूतला एक आदेश पुरतो. निपाणी चिक्कोडीकडे, अथणी-रायबागसोबत. आम्ही इकडे, बैलहोंगल-कित्तूरसोबत. दोन्हीकडे मराठी माणूस तोंडी लावायला!

शिवाय 15 टक्क्यांचा नियम. भाषिक अल्पसंख्याक तेवढे असले तर सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात मराठी 18 टक्क्यांच्या वर आहे. उद्या दोन तुकड्यांत काय आकडा निघेल, हिशेब केलायस?

निपाणीकर
तो नियम तालुक्याला आणि नगरपालिकेलाही लागतो की. निपाणी नि खानापूर तालुके कुठेही टाका, त्यांचा आकडा हलत नाही. आणि 18 टक्के असताना किती परिपत्रकं मराठीत हाती पडली, तेही सांग.

आता 1997 बघ. कर्नाटकात मुख्यमंत्री जे. एच. पटेलांच्या सरकारने बागलकोट, गदग, हावेरी असे जिल्हे केले, त्याच वेळी चिक्कोडी नि गोकाकही जाहीर केले होते. मागे का घेतले? कन्नड संघटनांनी रान उठवलं. त्यांची भीती अशी, की जिल्हा लहान झाला तर बेळगाव-खानापूर पट्ट्यात मराठीचं वजन वाढेल. ज्यांना आपला दावा नको, त्यांनाच जिल्हा अखंड हवा आहे. आपण त्यांच्याच सुरात सूर का मिळवतो?

वडगावकर
कागदावर बरोबर, रस्त्यावर चूक. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळ्या दिनाची फेरी निघते, 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. निवेदन द्यायला सगळे एका डीसीच्या दारात जातात. दोन जिल्हे म्हणजे दोन निवेदनं, दोन महाराष्ट्र एकीकरण समित्या. आपल्यात एका समितीचे दोन गट व्हायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

निपाणीकर
2018 आणि 2023, दोन्ही वेळा विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. तेव्हा जिल्हा एकच होता ना, वडगावकर?

वडगावकर
लागलं. पण म्हणून उरलंसुरलंही वाटून टाकायचं?

अथणीवाला
मंडळी, आम्हालाही कुणी विचाराल काय? अथणीहून बेळगाव दीडशे किलोमीटरच्या घरात. आमचा खासदार चिक्कोडीचा, शाळाखातं चिक्कोडीला, गाडीचं पासिंग केए 23, तेही चिक्कोडीचंच. एकटे डीसी तेवढे बेळगावला. आमच्या घरात आई मराठी बोलते, वडील कन्नड, भांडण दोन्हीत होतं. 18 आमदारांचा एवढा मोठा जिल्हा, कृष्णेला पूर आला की इथवर पोचायलाच अधिकाऱ्यांचा अर्धा दिवस जातो. तुमचा सीमाप्रश्न मला मान्य आहे, पण त्यासाठी आम्ही किती वर्षं लांबच राहायचं?

(आणि जिल्हा कुणाचा, चिक्कोडीचा की गोकाकचा, हे भांडण अजून तुमच्या कानावर आलेलं दिसत नाही. सीमाप्रश्न त्यापुढे सोपा!)

खानापूरकडचा
अथणीवाल्यांचं दुखणं खरं आहे, त्यांना उत्तर नाही माझ्याकडे. तरी 2027 च्या जनगणनेसाठी जिल्हे-तालुक्यांच्या हद्दी गोठवल्यात, म्हणजे तोवर घोषणा फक्त भाषणात. निपाणीकर, तुला एकच विचारतो. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी आणि खानापूर दोन्ही महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, बेळगाव नाही. बेळगावसाठी आपण तो अहवाल नाकारला. आता चिक्कोडीची सोय झाली की बेळगावसाठी निपाणी रस्त्यावर येईल?

निपाणीकर
माझ्यापुरतं म्हणशील तर येईन. पोराचं सांगता येत नाही, पण ते आजही सांगता येत नाही.

खानापूरकडचा
आणि चुलत्यांचा अर्ज कुठल्या भाषेत होता?

निपाणीकर
कन्नडात. निपाणीतच टायपिंगवाल्याकडून करून घेतला. खाली सही मात्र मराठीत.